चीड येईपर्यंत : ठाण्याच्या वर्तकनगरातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

वही नवी, सवय जुनी. अठ्ठावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्याच्या बाटलीवर तारीख, वेळ आणि सही केली, त्यामुळे तारखेशिवाय काही लिहिताच येत नाही.

प्रकल्प असा : चिडाच्या झाडाची रोपं टिश्यू कल्चरने करायची, म्हणजे रोपाचा छोटा तुकडा निर्जंतुक बरणीत वाढवून. चीड म्हणजे हिमालयातला पाइन. हे म्हणाले, "चीड आणायला काचेच्या बाटल्या कशाला, रोज अशीच येते की." हा विनोद आता वर्षभर ऐकावा लागणार.

नोव्हेंबरात राणीखेतहून पिशवीभर शंकू आणले होते. आज एकेक खवला उघडून पाहिला. सगळे रिकामे! भाचीला फोन केला. ती देहरादूनला वनशास्त्र शिकते. म्हणाली, "मावशी, चिडाचे शंकू एप्रिल-मेमध्ये तडकतात आणि बी तेव्हाच उडून जातं. तू आणलीस ती टरफलं." शंकू आता दिवाणखान्यात टोपलीत ठेवलेत, शोभेला.

१७ जानेवारी

भाचीने कुरियरने मूठभर बी पाठवलं. गेल्या हंगामातलं, पण थंड आणि कोरड्या जागी ठेवलेलं. पाण्यात टाकलं. तरंगलं ते फेकलं, बुडलं ते ठेवलं. ही परीक्षा आई भुईमुगाच्या बियाण्याची घ्यायची.

खरं तर मला चिलगोजा करायचा होता. चिलगोजाही पाइनच, किन्नौरकडचा. त्याचं बी खाण्यासाठी इतकं गोळा होतं की झाडाखाली नवं रोप उगवणंच अवघड झालंय. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद 'संकटाच्या जवळ' अशी आहे. म्हणून जांभळी नाक्यावरच्या सुक्यामेव्याच्या दुकानातून पन्नास ग्रॅम घेतला. किंमत लिहीत नाही, ही वही घरात सगळे वाचतात. दहा बिया ओल्या फडक्यात ठेवल्या. भाजलेलं बी कसं उगवणार? हे आधीच सुचायला हवं होतं. उरलेला खाल्ला.

तर आधी चीड. त्याला टिश्यू कल्चरची तशी काही गरज नाही, कुमाऊँच्या उतारांवर तो आपणहून माजतो. पण हात बसवायला स्वस्त आणि मुबलक बीच हवं.

२१ जानेवारी

मुलगा बेंगळुरूला असल्यामुळे त्याची खोली मोकळी आहे. ती आता प्रयोगशाळा.

लॅमिनार फ्लो (गाळलेली निर्जंतुक हवा सोडणारं कपाट) परवडत नाही. जुना फिश टँक आडवा ठेवला, तोंडाला प्लास्टिकचा पडदा लावला आणि हात घालायला दोन भोकं पाडली. पंखा बंद, एसी बंद, दार बंद. हवा हलली नाही तर बुरशीचे कण खाली बसतात, एवढ्याच तत्त्वावर हे चालतं. एक नियम मात्र लाल शाईने लिहिला आहे : टँक स्पिरिटने पुसल्यावर पाच मिनिटं थांबायचं, मगच दिवा पेटवायचा. पहिल्याच दिवशी थांबले नव्हते. डाव्या मनगटावरचे केस गेले, भुवया वाचल्या.

ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्राच्या जागी घरचा कुकर. शिट्टीच्या वजनाचा दाब साधारण १५ पौंडांचा, म्हणजे १२१ अंश. लॅबमधलं मोठं यंत्रही तेवढंच करतं. पण मोजायचं घड्याळावर, शिट्ट्यांवर नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक, मग वीस मिनिटं. शिट्ट्या मोजणं वरणभातासाठी ठीक आहे.

बी रात्रभर वाहत्या नळाखाली ठेवलं, मग साबण, एक मिनिट ७० टक्के अल्कोहोल, पंधरा मिनिटं ब्लीच, तीन वेळा निर्जंतुक पाणी. अल्कोहोल ७० टक्केच का, हे लॅबमध्ये दर नव्या मुलीला सांगावं लागायचं. निव्वळ अल्कोहोल जंतूचं बाहेरचं प्रथिन पटकन गोठवतं आणि आतला वाचतो. थोडं पाणी असलं तरच ते आत शिरतं.

४० बरण्या, प्रत्येकीत पाण्यात शिजवलेला आगर आणि एक बी. आगर म्हणजे आपला चायना ग्रासच.

२८ जानेवारी

४० पैकी १७ बरण्यांत बुरशी. काळी, हिरवी, एकीत तर सुंदर सॅमन रंगाची. ॲस्परजिलस, पेनिसिलियम, जुनी ओळखीची मंडळी. फरक इतकाच की तिथे ती वाढली की रिपोर्ट लिहायचे, इथे वाढली की कपाळाला हात.

दोष बियांच्या टरफलाचा. त्याच्या सुरकुत्यांत कण दडतात. पुढच्या वेळी केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरायचं. पाइनच्या बियांना ते मानवतं, कोंबही लवकर येतो असं भाची सांगते.

१२ फेब्रुवारी

१४ धडधाकट रोपं. चिडाचं रोप उगवताना बघण्यासारखं असतं. टोकावर दहा-बारा हिरव्या काड्या, छत्रीच्या तारांसारख्या. ही बीजपत्रं. आपल्या शाळेत एकदल आणि द्विदल एवढंच होतं, कारण ती वर्गवारी फुलझाडांची. पाइनला फूलच नाही, त्यामुळे तो त्या हिशेबात बसत नाही.

कल्पना अशी : ही बीजपत्रं कापून सायटोकायनिन (कोंब फुटायला लावणारं हार्मोन) असलेल्या माध्यमावर ठेवली की त्यांच्या कडेला नवे कोंब फुटतात. एका बीतून एक रोप येण्याऐवजी दहा-वीस. केळीचं टिश्यू कल्चर सगळ्यांना माहीत आहे, जळगावकडे जी-९ जातीच्या केळीची रोपं लाखांनी लागतात. पण केळ स्वभावतःच पिल्लं सोडणारी, तिला फक्त घाई करायला लावायची. पाइन पिल्लं सोडत नाही. त्याला फसवावं लागतं.

माध्यम : तयार एमएस पावडर, ३० ग्रॅम साखर, लिटरला ५ मिलिग्रॅम बीएपी (हेच ते सायटोकायनिन). एमएस म्हणजे मुराशिगे आणि स्कूग यांचं १९६२चं सूत्र. टिश्यू कल्चरमधलं हे पोळीभाजीचं जेवण, कुठेही चालतं.

१७ मार्च

इथे चाललं नाही. पाच आठवड्यांनी बीजपत्रं फुगली, पिवळट झाली, काहींच्या बुडाला भिजलेल्या साबुदाण्यासारखा गोळा. कोंब शून्य. १४ रोपांची सगळी बीजपत्रं वाया.

चीड आली. (हा विनोद मीच केला, ह्यांना सांगितला नाही.)

२० मार्च

दोन दिवस वाचन. एमएसमध्ये लिटरला १६५० मिलिग्रॅम अमोनियम नायट्रेट असतं. तंबाखूच्या पेशींसाठी बनवलेलं माध्यम ते, तंबाखू खादाड. पाइनला एवढा अमोनिया झेपत नाही. त्याच्यासाठी डीसीआर नावाचं माध्यम आहे, प्रमोद गुप्ता आणि डर्झन यांनी १९८५ मध्ये दिलेलं. त्यात अमोनियम नायट्रेट फक्त ४०० मिलिग्रॅम. हे गुप्ता त्याआधी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. तिथे १९८० मध्ये सागाचं टिश्यू कल्चर करणाऱ्यांत त्यांचं नाव आहे. कॅलिफोर्नियातलं सूत्र म्हणून शोधायला गेले आणि माणूस पाषाण रोडचा निघाला.

डीसीआरची तयार पावडर सहज मिळेना, म्हणून क्षार वेगवेगळे आणले, मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून. कॅल्शियम नायट्रेटचं द्रावण वेगळ्या बाटलीत ठेवायचं. फॉस्फेट-सल्फेटबरोबर दाट द्रावणात घातलं तर तळाला पांढरा साका बसतो आणि मग माध्यमात कॅल्शियम आहे फक्त वहीत. लोह ईडीटीएसह (हे लोहाला विरघळलेलं ठेवतं), तपकिरी बाटलीत.

वजनाचा प्रश्न उरला. बीएपी लागतं लिटरला सव्वादोन मिलिग्रॅम, आणि स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खाली मुका. आमच्या नेहमीच्या सोनाराकडे गेले. त्याच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतो. पांढऱ्या पावडरची पुडी पाहून तो आधी दाराकडे बघायला लागला. मग १०० मिलिग्रॅम मोजून दिली आणि विचारलं, "काकू, ह्याने झाड वाढतं तर केसांना चालेल का?" त्या १०० मिलिग्रॅमला आधी किंचित सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवलं (नुसत्या पाण्यात ते विरघळत नाही), मग १०० मिलि पाणी. आता एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम. सव्वादोन मिलि घेतलं की काम झालं. एवढ्यात माझं उरलेलं आयुष्य निघेल.

३ एप्रिल

दुसरी फेरी. २४ मार्चला बी भिजवलं, आज दहाव्या दिवशी बीजपत्रं कापली. डीसीआर, बीएपी २.२५. पेरॉक्साइडमुळे बुरशी कमी : ३० पैकी ४.

५ मे

कोंब! चार भ्रूणांच्या (बीतल्या इवल्या रोपांच्या) बीजपत्रांवर, कडेने, हिरव्या मोहरीएवढे उंचवटे. भिंगाखाली पाहिले, त्यांना बारीक सुयांचे खवले आहेत. गोळा नव्हे, कोंबच. ह्यांना बोलावून दाखवलं. "मोहरी," म्हणाले. बरोबर आहे.

रात्री भाचीला फोन. मला वाटलं शाबासकी मिळेल. तिने विचारलं, "मावशी, माध्यम बदललंस, हार्मोन कमी केलंस आणि रोपाचं वयही बावीस दिवसांवरून दहावर आणलंस. मग झालं ते कशामुळे?"

गप्प बसले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी स्वतः किती पोरींना ओरडून सांगितलंय. आणि वयाकडे तर माझं लक्षच नव्हतं. मी माध्यम धरून बसले होते. ती तारीख वहीत होती म्हणून तिला दिसली.

७ मे

तिसरी फेरी, ह्या वेळी नीट. सगळं बी आज एकदम भिजवलं. माध्यम एकच, हार्मोन एकच, बरण्याही एकाच मापाच्या. बदलणार फक्त कापण्याचा दिवस : २, ५, ८, ११, १४. प्रत्येक गटात ८ भ्रूण, एकूण ४०. प्रत्येक गट कापल्यापासून बरोबर २८ दिवसांनी मोजायचा. वार कुठलाही असो, लग्न असो की बारसं.

९ मे

दुसऱ्या दिवसाचा गट. टरफल अडकित्त्याने तडकवायचं, आतलं पांढरं मांस चिरून भ्रूण काढायचा. (हे मांस म्हणजे मादीच्या बाजूची ऊती, तिच्यात गुणसूत्रांचा एकच संच, भ्रूणात दोन. भाची म्हणते, त्या पांढऱ्या मांसावरून आईकडून काय आलं ते सरळ कळतं.) भ्रूण शेवयाच्या तुकड्याएवढा, पांढरा. बीजपत्रं अजून एकमेकांना चिकटलेली. ११ नंबरचं ब्लेड, चष्म्यावर चष्मा. दोन-तीन तरी माझ्याच हाताने चिरडले, ते वहीत तसंच लिहिलं आहे.

२६ मे

सगळे गट कापून झाले. काल दुपारी लाइट गेली ती सहा तास. खोली ३५ अंशांवर. बरण्यांच्या आतून घाम. काही करता येत नव्हतं, पडदे ओढून बसले.

१८ जून

आज शेवटचा गट मोजला. बुरशीने गेलेले वगळून :

दुसरा दिवस : ७ पैकी ३ भ्रूणांवर कोंब. पाचवा : ८ पैकी ७. आठवा : ६ पैकी ४. अकरावा : ८ पैकी १. चौदावा : ८ पैकी एकही नाही.

दुसऱ्या दिवसाचा आकडा माझ्या चिमट्यामुळे पडला असणार. बाकीचं स्पष्ट आहे. माध्यम तेच, औषध तेच, बी एकाच मुठीतलं. पाचव्या दिवशी बीजपत्राला अजून ठरवायचं असतं की आपण कोण. चौदाव्या दिवशी ते हिरवं, कडक, पूर्ण पान झालेलं असतं, मग कितीही बीएपी द्या, ते फुगतं पण ऐकत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मी बावीस दिवसांची बीजपत्रं कापली होती. त्या फेरीत एमएसऐवजी अमृत घातलं असतं तरी फारसा फरक पडला नसता.

४० बियांवरून शास्त्र होत नाही, हे मान्य. पण ह्या घरात, ह्या बीसाठी, आता नियम ठरला : पाचवा दिवस.

भाचीला आकडे पाठवले. तिने उत्तरात फक्त अंगठा पाठवला.

२३ जून

कोंब आले म्हणजे रोप आलं असं नाही. बीएपीवर ठेवलं तर कोंबांवर कोंब फुटत राहतात, उंच कोणीच होत नाही. म्हणून मोजून झालेला प्रत्येक गट हार्मोनविरहित डीसीआरवर हलवला आहे, त्यात लिटरला ५ ग्रॅम सक्रिय कोळसा. कोळसा उरलेलं बीएपी शोषतो आणि जखमेतून झिरपणारा तपकिरी रसही.

कोळशाची एक खोड लिहून ठेवते, कुठे वाचली नव्हती. तो तळाला बसतो. वरचा आगर पारदर्शक, खाली काळा चिखल. त्यामुळे कुकरमधून बरण्या काढल्यावर त्या निवेपर्यंत अधूनमधून हलक्या फिरवायच्या, घट्ट व्हायच्या क्षणी एकदा शेवटची. बासुंदीसारखं लक्ष ठेवावं लागतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे मिळून ३४ बरण्या झाल्या.

१६ जुलै

येऊरचा डोंगर चार दिवस दिसलेला नाही. भिंतींना ओल, मिठाला पाणी, आणि खिडकीजवळच्या फळीवरच्या बरण्यांत बुरशी. एक-दोन नाही, अकरा.

आधी वाटलं माझ्या हाताची चूक. पण कोंब बदलून तीन आठवडे झालेले, चूक असती तर पहिल्या आठवड्यातच दिसली असती. भिंग घेऊन बसले. बुरशीचे ठिपके आगरच्या कडेने एका रांगेत, सारख्या अंतरावर, जणू कोणी चालत गेलंय. आणि खरंच चालत गेलं होतं. कोळी जातीचे किडे, माइट, डोळ्याला जेमतेम दिसणारे. झाकणाच्या फटीतून शिरतात, अंगावर बुरशीचे कण घेऊन फिरतात. शिवाय काही बरण्यांना मी कापसाचे बोळे लावले होते. दमट हवेत कापूस ओला झाला की बुरशी त्यातूनच आत उतरते. ही सोय कोरड्या गावात ठीक, ठाण्यात जुलैमध्ये नाही.

अकराही बरण्या न उघडता कुकरमध्ये घालून मारल्या, मगच बाहेर टाकल्या. फळी स्पिरिटने पुसली. सगळी झाकणं प्लास्टिकची, वर क्लिंग फिल्मचे दोन वेढे. खिडकीला चिकटपट्टी. २३ उरल्या.

हे म्हणाले, "डाळींबरोबर ठेव की, तिथे कधी काही लागत नाही." डाळीत मी हळकुंड टाकते. इथे काय टाकू?

११ ऑगस्ट

पाच बरण्यांतले कोंब काचेसारखे झालेत. जाड, पारदर्शक, ठिसूळ. बरणीत ओल साठली की असं होतं, मे महिन्यातल्या त्या दुपारचाही हात असेल. असे कोंब मूळ धरत नाहीत, टाकले. १८ बरण्या. चांगले कोंब आता १५ मिलिमीटरचे, निळसर हिरवे.

खालच्या मजल्यावरच्या वहिनी बघायला आल्या. "आमच्याकडे पण आहे की पाइन," म्हणून गच्चीवर घेऊन गेल्या. नर्सरीतून आणलेला क्रिसमस ट्री, म्हणजे अरौकारिया. शंकूधारीच, पण पाइन नाही. (अलिबागच्या किनाऱ्यावरचा सुरू तर शंकूधारीही नाही, फुलझाड आहे, ज्यांना आपण सुया म्हणतो त्या त्याच्या सांधे असलेल्या हिरव्या काड्या.) वहिनींनी मागच्या वर्षी त्या अरौकारियाची बाजूची फांदी कापून लावली होती. ती जगली, पण उभी वाढायला तयार नाही. आडवीच पसरते, जमिनीला समांतर. त्या काठी बांधून बांधून थकल्या.

ती कधीच उभी होणार नाही. फांदीच्या पेशींना आपण फांदी आहोत हे लक्षात राहतं. शेंडा कापून लावला असता तर सरळ वाढलं असतं. त्यांना हे सांगितलं तर वाईट वाटलं, "म्हणजे एवढं खतपाणी फुकट?"

माझ्या प्रयोगाची खरी मर्यादाही हीच. चांगलं झाड चांगलं आहे हे कळतं ते वीस-तीस वर्षांनी, आणि तोवर त्याच्या पेशी कोणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेलेल्या असतात. मी ऐकणाऱ्या पेशी घेतल्या, म्हणजे बियांमधल्या. पण ते बी मोठेपणी कसं निघेल कोणास ठाऊक. एका अनोळखी पोराच्या वीस प्रती काढतेय मी. परदेशात ह्यातून वाट काढलीय : कोवळ्या शंकूतल्या बीपासून पेशींचा साठा करायचा, अर्धा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचा, अर्ध्याची रोपं करून शेतात लावायची. झाडं चांगली निघाली तर गोठवलेले जुळे बाहेर काढायचे. शंकूधारी झाडांत हे पेशींपासून भ्रूण बनवणं १९८५ मध्ये नॉर्वे स्प्रूसवर साधलं. वर्तकनगरात द्रव नायट्रोजन कुठे ठेवू, फ्रीजरमध्ये मटार आहेत.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. पाहुण्यांना खोली हवी. बरण्या आमच्या कपाटात, ट्यूबलाइटसकट. हे काही बोलले नाहीत, फक्त शर्ट घेताना दार जोरात लावलं.

१५ सप्टेंबर

मुळांची पाळी. २० मिलिमीटरच्या वरचे २४ कोंब मिळाले. सगळ्यांची बुडं एक दिवस आयबीए आणि एनएए या मुळं फुटवणाऱ्या हार्मोनच्या द्रावणात, मग हार्मोन बंद. १२ आगरवर, १२ बरणीतच व्हर्मिक्युलाइटवर (फुगवलेल्या खनिजाचे हलके, सच्छिद्र कण), पातळ डीसीआर घालून. एसी रात्री २० वर. पाइनला मुळं फुटताना गारवा लागतो. विजेचं बिल ह्या वहीत चिकटवणार नाही.

२० ऑक्टोबर

आगर : १२ पैकी २. व्हर्मिक्युलाइट : १२ पैकी ५.

आगरमधली मुळं दिसायला छान, पांढरी, लांब. पण ती कोंबाच्या बुडाशी आलेल्या गोळ्यातून फुटलेली, देठाच्या नळ्यांशी त्यांचा धड सांधाच नाही. एक तर चिमट्याने उचलताच निखळलं. व्हर्मिक्युलाइटमधली आखूड आणि करडी, पण हवेत वाढलेली, त्यामुळे घट्ट. उरलेले सतरा कोंब अजून हिरवे आहेत, नुसते उभे.

४ नोव्हेंबर

भाची दिवाळीला आली. बरोबर चिवडा नाही, माती आणली. देहरादूनजवळच्या चिडांच्या खालची, काळपट, सुया कुजलेली, डालड्याच्या जुन्या डब्यात.

पाइनच्या मुळांना बुरशी लागते. म्हणजे रोग नव्हे, संगत. मुळांच्या टोकांभोवती ती मोज्यासारखी चढते, लांबवरून फॉस्फरस आणि पाणी आणून देते, बदल्यात साखर घेते. दक्षिण गोलार्धात पाइन नेले तेव्हा कित्येक ठिकाणी रोपं पिवळी पडून बसली होती, जुन्या पाइनखालची माती आणून घातल्यावर ती चालायला लागली.

आता मी काय करतेय ते बघा. जानेवारीपासून ब्लीच, पेरॉक्साइड, स्पिरिट, कुकर, क्लिंग फिल्म. एकेका बुरशीच्या कणामागे हात धुऊन लागले. अकरा बरण्या उकळून मारल्या. आणि आज भाचीने सुरीने झाकण उघडलं, मला म्हणाली, "घाल, मावशी," आणि मी पाच कुंड्यांत चमचा चमचा बुरशी घातली. हात थरथरत होता म्हटलं तर खोटं होईल, पण अठ्ठावीस वर्षांची सवय आहे. नंतर दोनदा हात धुतले.

आगरची दोन्ही रोपं कुंडीपर्यंत पोचली नाहीत. ही पाच व्हर्मिक्युलाइटची.

१७ नोव्हेंबर

कुंड्यांवर कापलेल्या पाण्याच्या बाटल्या, घुमटासारख्या. बरणीत वाढलेल्या सुईला मेणाचा थर नीट नसतो, एकदम बाहेर काढली तर तासाभरात सुकते. रोज बाटलीचं झाकण थोडा वेळ उघडं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, आता दोन तास.

एक सुकलं. मी बाहेर असताना कामवाल्या मावशींनी "कोंडलंय बिचारं" म्हणून बाटली काढली. त्यांची चूक नाही, कोणालाही तसंच वाटेल.

१ डिसेंबर

आणखी एक गेलं, बुडापासून काळं. पाणी जास्त झालं. तीन उरली.

सोसायटीचा माळी बघून गेला. "सुरू आहे," म्हणाला. मी सांगितलं चीड आहे, तर म्हणाला, "चिडाला एका जागी तीन-तीन सुया असतात, मी गढवालचा आहे." अगदी बरोबर. पण लहानपणी चिडाला सुया सुट्या एकेक येतात, तीनचा झुबका नंतर. त्याला पटलं नाही. त्याच्या डोळ्यांसमोर वीस मीटरचं झाड, माझ्यासमोर चार सेंटीमीटरचं.

२२ डिसेंबर

भाची एका लग्नाला आली होती, दोन रोपं घेऊन गेली. ठाण्याच्या दमट उन्हात चीड ठेवणं म्हणजे त्याच्याशी वैर. चिठ्ठ्या लावल्या : ३-५-०२ आणि ३-५-०४. फेरी तीन, पाचवा दिवस, भ्रूण क्रमांक. ३-८-०१ इथे राहील, माझ्या खिडकीत. हे रोज सकाळी कुंडी पाव फेरा फिरवतात, कारण शेंडा उजेडाकडे वाकतो. मी सांगितलेलं नाही.

तिने जाताना डब्यात उरलेलं बी मोजलं. ५६. "पुढच्या फेरीला पुरेल," म्हणाली. आणि हंगामात किन्नौरहून न भाजलेला चिलगोजा मिळतो का ते बघणार आहे.

२९ डिसेंबर

देहरादूनहून फोन. ०२ला शेंड्याशी नवी सुई. ०४ची टोकं थंडीने तपकिरी झालीत, ती काळजीत आहे, उपटून मुळं बघू का विचारत होती.

उपटू नकोस म्हटलं. वरून पाणी घाल, पंधरा दिवसांनी तारीख टाकून कळव.